बैठक मोडायला हवी

दुसरे महायुद्ध संपले आणि ब्रिटनमधल्या डॉक्टरांपुढे एक नवेच कोडे उभे राहिले. घटसर्पासारखे संसर्गजन्य आजार आटोक्यात येत होते, पण चाळिशी-पन्नाशीतले, दिसायला धडधाकट पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने अचानक दगावत होते. कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हते. जेरी मॉरिस हे डॉक्टर तेव्हा १९४८ मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या एका सरकारी संशोधन विभागाचे प्रमुख होते. माणसे काय काम करतात आणि त्यांना कोणता आजार होतो, याची सांगड घालून पाहावी, असे त्यांनी ठरवले. शिक्षक, टपाल कर्मचारी, वाहतूक कामगार अशा निरनिराळ्या व्यवसायांची माहिती गोळा होऊ लागली.

पहिला धक्का बसला तो लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी. या गाडीवर दोन माणसे असत, चालक आणि वाहक. दोघांचे आगार एक, वस्त्या सारख्या, पगारात फारसा फरक नाही, चहाही एकाच उपाहारगृहातला. फरक फक्त कामात. चालक पाळीचा सुमारे ९० टक्के वेळ आसनावर बसलेला असे. वाहक तिकिटे देत वरखाली फिरत राही आणि एका पाळीत साधारण ५०० ते ७५० पायऱ्या चढे. हृदयविकाराचे प्रमाण मोजले तेव्हा चालकांमध्ये ते दर हजारी वर्षाला २.७ निघाले आणि वाहकांमध्ये १.९. झटक्यातून न वाचण्याचे प्रमाणही चालकांमध्ये कितीतरी जास्त होते.

हे आकडे १९४९ मध्येच हाती आले होते. मॉरिस यांनी ते लगेच छापले नाहीत. बसगाड्यांत दिसलेली गोष्ट केवळ योगायोग असू शकते, म्हणून त्यांनी टपाल खात्याकडे मोर्चा वळवला. पायी किंवा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यात बसून काम करणारे टेलिफोन ऑपरेटर व कारकून यांची तुलना केली. तिथेही तेच दिसले. मगच १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो निबंध आला. नुसत्या वाहतूक कामगारांचीच संख्या त्यात सुमारे ३१ हजार होती.

शंका तरीही उरलीच. मुळातच स्थूल असलेली माणसे चालकाची नोकरी पत्करत असतील तर? मॉरिस यांनी ही शंका झटकून टाकली नाही. त्यांनी कामगारांच्या गणवेशांच्या नोंदी मागवल्या आणि पाटलोणींची कंबरेची मापे तपासली. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तपासणीत चालकांच्या कंबरा खरोखरच मोठ्या निघाल्या, अगदी तरुण वयातल्या चालकांच्याही. म्हणजे शंकेत तथ्य होते. पण पुढे असेही दिसले की सडपातळ असो वा जाडजूड, त्याच अंगलटीच्या चालकापेक्षा वाहकाचे हृदय अधिक सुरक्षित होते. वजनाचा वाटा वजा केला तरी काहीतरी शिल्लक राहत होते, आणि ते कामाच्या हालचालीत होते. मॉरिस यांना स्वतःलाही ते पटले असावे. ते उतारवयातही पोहत आणि चालत राहिले आणि २००९ मध्ये, वयाच्या शंभरीला काही महिने उरले असताना वारले.

मुंबईकरांना हे सगळे डोळ्यांपुढे आणायला अवघड जाणार नाही. बेस्टची दुमजली बस या शहरात १९३७ मध्ये आली आणि जुन्या डिझेल गाड्यांपैकी शेवटची सप्टेंबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. कित्येक पिढ्यांनी वाहकाला तिकिटांचा पंच वाजवत वरच्या मजल्यावर जाताना पाहिले आहे. त्या कामाला ‘व्यायाम’ असे कोणी म्हटले नसते. मॉरिस यांच्या शोधातली मोलाची गोष्ट हीच होती. वाहक पोटापाण्यासाठी चालत होता, आरोग्यासाठी नव्हे, आणि शरीराला त्याच्या हेतूशी काही देणेघेणे नव्हते.

त्याच सुमारास भारतातही एक महत्त्वाची पाहणी झाली, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. हार्वर्डचे आहारतज्ज्ञ जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी कोलकात्याजवळच्या एका ताग गिरणीतील २१३ जणांचे वजन, आहार आणि काम यांचा हिशेब मांडला. गिरणीत कोळसा वाहणारे होते, यंत्रांवर उभे राहणारे होते, कारकून होते, आणि दिवसभर गल्ल्यावर बसून राहणारे दुकानदारही होते. हलक्या कामापासून अतिकष्टाच्या कामापर्यंत जसजसे श्रम वाढत होते तसतसा आहार वाढत होता आणि वजन जवळजवळ तेवढेच राहत होते. हे अपेक्षितच होते. पण बसून असणाऱ्यांच्या गटात मात्र हा नियम मोडला. त्यांचा आहार कमी व्हायला हवा होता, तो उलट जास्त होता आणि वजनही सर्वांत जास्त होते. श्रम एका मर्यादेच्या खाली गेले की भूक आणि गरज यांची जुळणी बिघडते, असा अर्थ मेयर यांनी काढला. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध आजही अभ्यासक आधाराला घेतात.

खरे तर बसून काम करणाऱ्यांचे हाल त्याहूनही खूप आधी नोंदले गेले होते. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये निरनिराळ्या कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात शिंपी आणि चांभार यांच्यावर वेगळे लिहिले आहे, आणि अशा लोकांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी अंगाला हालचाल द्यावी, असा सल्ला आहे. तेव्हा बैठे काम काही मोजक्या कारागिरांचे होते. आता ते बहुसंख्यांचे झाले आहे.

मग नुसते बसल्याने शरीरात नेमके काय होते?

माणसाच्या शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांमध्ये आहेत. उभे राहिले, चालले की ते आकुंचन-प्रसरण पावतात. खुर्चीवर टेकले की त्यांचे काम जवळजवळ थांबते. काम करणारा स्नायू रक्तातली साखर खेचून घेतो, आणि विशेष म्हणजे त्यासाठी तो इन्सुलिनवर पूर्णपणे अवलंबून नसतो. आकुंचनामुळेच पेशीच्या पृष्ठभागावर साखर आत घेणारी दारे उघडतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला हा केवढा आधार आहे! चरबीचेही तसेच. स्नायूंतल्या केशवाहिन्यांत लायपोप्रोटीन लायपेज नावाचे एक विकर असते. रक्तातली चरबी फोडून ती स्नायूला वापरता येईल अशी करणे हे त्याचे काम. अमेरिकेतील मार्क हॅमिल्टन यांनी उंदरांवर प्रयोग केले. मागच्या पायांवरचा भार काढून घेतल्यावर त्या पायांतली या विकराची क्रिया काही तासांतच झपाट्याने घटली.

पोटरीचे आणखी एक काम आहे. पायांतले रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर हृदयाकडे न्यायचे असते आणि पोटरीच्या स्नायूंचा दाब ते वर ढकलतो. तो दाब थांबला तर काय होते, याचे विदारक उदाहरण १९४० च्या लंडनमध्ये घडले. जर्मन विमाने रात्ररात्र बॉम्ब टाकत होती. लोक तळघरांत आणि निवाऱ्यांत गर्दीने बसून राहत, अनेकजण कापडी आरामखुर्च्यांवर. या खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीच्या मागच्या बाजूला रुतत असे. बॉम्बपासून वाचलेली यातली काही माणसे सकाळी निवाऱ्यातून बाहेर पडताना किंवा लगेच नंतर कोसळून मेली. शवचिकित्सक कीथ सिम्पसन यांनी तपासले, तेव्हा पायात साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकलेली आढळली. निवाऱ्यांत बसण्याऐवजी आडवे होण्याची सोय हवी, हे त्यावरून उघड झाले. लांबच्या विमानप्रवासात मधूनमधून उठून पाय मोकळे करा, असे डॉक्टर सांगतात त्याचे कारण हेच.

इतक्या टोकाला गोष्ट रोज जात नाही. पण तीन तासांच्या सलग बैठकीतही पायांच्या रोहिण्यांवर परिणाम होतो, हे मिसुरी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. त्यांनी तरुण, निरोगी स्वयंसेवकांना तीन तास बसवले. एक पाय स्थिर ठेवायचा आणि दुसरा अधूनमधून मिनिटभर हलवायचा, एवढीच अट. स्थिर पायाच्या रोहिणीची प्रसरण पावण्याची क्षमता घटली. हलणाऱ्या पायाची टिकली, उलट थोडी सुधारली. बसल्याबसल्या पाय हलवणाऱ्या मुलांना आपल्या घरांत मोठी माणसे हटकतात. त्या मुलांची बाजू घ्यायला आता शास्त्र आहे.

इथे एक प्रश्न हमखास येतो. सकाळी तासभर फिरून आले, सूर्यनमस्कार घातले, व्यायामशाळेत घाम गाळला, तर उरलेला दिवस बसून काढला म्हणून काय बिघडते? महाराष्ट्राला व्यायामाची थोर परंपरा आहे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांतून केला. तालमी, आखाडे, पहाटेची टेकडी हे सगळे आपल्या रक्तात आहे. म्हणून हा प्रश्न इथे फार मनापासून विचारला जातो आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे.

२०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. उल्फ एकेलुंड हे त्याचे प्रमुख. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा जो वाढीव धोका दिसतो, तो रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम जोमाची हालचाल करणाऱ्यांमध्ये जवळजवळ नाहीसा झालेला आढळला. पण पाच तासांहून जास्त टीव्ही पाहणाऱ्यांच्या बाबतीत तेवढ्या व्यायामानेही धोका पूर्ण गेला नाही, फक्त कमी झाला. म्हणजे व्यायामाला पर्याय नाही, हे खरेच. पण रोज, न चुकता, तासाहून अधिक असा व्यायाम करणारे किती? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सुचवते. २०२२ मध्ये जगातले सुमारे ३१ टक्के प्रौढ या किमान मर्यादेपर्यंतही पोचत नव्हते. भारतात हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते आणि स्त्रियांमध्ये ५७ टक्के. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीचा पहिला टप्पा तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथे झाला होता. त्यात निम्म्याहून अधिक लोक निष्क्रिय गटात मोडले आणि मोकळ्या वेळात व्यायाम किंवा खेळ करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते.

या देशात केवळ व्यायामाच्या उपदेशावर भिस्त ठेवून चालणार नाही, हे एवढ्यावरूनच स्पष्ट होते.

भारतीयांच्या बाबतीत काळजी करण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते पुण्यात शोधले गेले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांची अंगकाठी बारीक असली तरी शरीरात चरबी जास्त असते, हे वर्षानुवर्षांच्या कामातून दाखवून दिले. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. संभाव्य कारणांत जन्मापूर्वीचे पोषण आणि आनुवंशिकता यांबरोबर जीवनशैलीही होती. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचे मुख्य धावणे म्हणजे सकाळी बंद होणारी लिफ्ट गाठणे, असे त्या लेखात गमतीने म्हटले आहे. पण मुद्दा गमतीचा नाही. आरशात सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही सलग बसणे परवडत नाही. भारतात आज दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

तेव्हा प्रश्न असा मांडायला हवा: व्यायामाखेरीज उरलेल्या चौदा-पंधरा जागत्या तासांचे काय?

याचे सर्वांत आशादायक उत्तर ऑस्ट्रेलियातून आले. डेव्हिड डन्स्टन, जेनेव्हिव्ह हीली आणि नेव्हिल ओवेन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की एकूण बसण्याचा वेळ सारखा असला तरी मधूनमधून उठणाऱ्यांची कंबर आणि रक्तातली साखर अधिक चांगली असते. मग २०१२ मध्ये त्यांनी १९ स्थूल प्रौढांना प्रयोगशाळेत बोलावले. एके दिवशी त्यांना गोड पेय देऊन पाच तास सलग बसवले. दुसऱ्या खेपेस तेच, पण दर २० मिनिटांनी दोन मिनिटे सावकाश चालायला लावले. तिसऱ्या खेपेस थोडे भरभर. सावकाश चालण्यानेही पेयानंतरची साखर सुमारे २४ टक्क्यांनी कमी राहिली आणि भरभर चालण्याने ३० टक्क्यांनी. दोन मिनिटांचे चालणे! घामाचा थेंब नाही, कपडे बदलणे नाही, वेळ ‘काढणे’ नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कीथ डियाझ यांनी २०२३ मध्ये वेगवेगळी अंतरे ताडून पाहिली. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर दिवसभर बसण्याच्या तुलनेत निम्म्याहून अधिक घटली, रक्तदाबही काही अंकांनी उतरला. या प्रयोगात स्वयंसेवक फक्त ११ होते, हे लक्षात ठेवायला हवे. पण निरनिराळ्या देशांतल्या अशा छोट्या प्रयोगांचे निष्कर्ष एकाच दिशेचे आहेत.

आपल्याकडची शतपावली या शोधांशी किती नेमकी जुळते! साठीच्या पुढच्या, साखर वाढू लागलेल्या व्यक्तींवर २०१३ मध्ये अमेरिकेत प्रयोग झाला. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे हे दिवसातून एकदा सलग ४५ मिनिटे चालण्याइतकेच उपयोगी ठरले, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरायला तर अधिकच. रात्रीचे जेवण दिवसातले सर्वांत जड आणि त्यानंतर थेट मालिकांसमोरची बैठक, असा अनेक घरांचा क्रम आहे. आजीच्या पिढीने पाळलेली अंगणातली फेरी नेमकी त्याच वेळची होती. अंगण गेले तरी गच्ची, आवार आणि घरातला बोळ आहेच.

आता बसण्याच्या पद्धतीकडे वळू, कारण बसणे सगळे एकसारखे नसते. टांझानियातील हादझा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक. त्यांच्यावरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक दिवसभर हिंडत असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तेही जागेपणी रोज सुमारे दहा तास विसावलेले असतात, म्हणजे शहरी माणसाइतकेच. तरीही त्यांच्यात हृदयविकाराची लक्षणे फार कमी. फरक कुठे पडला? ते विसावतात ते उकिडवे बसून, गुडघे टेकून, जमिनीवर. स्नायूंचे विद्युत्-संकेत मोजल्यावर दिसले की उकिडवे बसताना पायांचे स्नायू खुर्चीत बसण्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतात. विसावा घेणे हे पाप नाही. पाठ टेकून, पाय लोंबते सोडून, स्नायूंना पुरती सुट्टी देणारी खुर्ची ही मात्र शरीराला नवीन आहे.

मराठी घरात ही खुर्ची फार उशिरा आली. पाटावर बसून जेवणे, जमिनीवर बसून भाजी निवडणे, विळीवर चिरणे, जात्यावर दळणे, सतरंजीवर पंगत, उकिडवे बसून भांडी घासणे. सुखवस्तू घरातही माणूस दिवसातून वीसेक वेळा जमिनीवरून उठत असे. त्या कष्टांचे, विशेषतः बायकांच्या कष्टांचे, गोडवे गाण्याचे कारण नाही. जाते गेले ते बरेच झाले. पण जमिनीवर बसणे आणि उठणे गेले, हे नुकसान आहे. ब्राझीलमधील क्रीडावैद्यक तज्ज्ञ क्लॉडिओ गिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार लोकांना जमिनीवर बसून पुन्हा उठायला सांगितले. हात, गुडघा यांचा जितक्या वेळा टेकू घ्याल तितके गुण कमी, दहापैकी. सहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केल्यावर कमी गुणांच्या लोकांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त दिसले. उठता न येण्याने मृत्यू ओढवतो, असा याचा अर्थ नव्हे. स्नायूंची ताकद, तोल आणि सांध्यांचा लवचिकपणा या तिन्हींचा तो एक बोलका निदर्शक आहे. दिवसातले एक जेवण मांडी घालून जमिनीवर घेतले तर ही परीक्षा आपोआप रोज होत राहते. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनी मात्र हट्ट धरू नये. तासन् तास उकिडवे बसण्याचा गुडघ्यांच्या संधिवाताशी संबंध चीनमधल्या अभ्यासात आढळला आहे.

बसणे म्हणजे नवे धूम्रपान, अशी एक घोषणा गेल्या काही वर्षांत फार पसरली. ती सोडून द्यावी. २०१८ मध्ये काही संशोधकांनी दोन्ही धोके शेजारी ठेवून पाहिले. धूम्रपानाने अकाली मृत्यूचा धोका सुमारे १८० टक्क्यांनी वाढतो, अति बसण्याने सुमारे २५ टक्क्यांनी. पंचवीस टक्के हा आकडा स्वतःच्या बळावर पुरेसा गंभीर आहे. त्याला भीतीची जोड दिली की लोक आधी घाबरतात आणि मग साराच विषय झटकून टाकतात.

याच घोषणेच्या पाठोपाठ उभ्याने काम करायची टेबले आली. ती उपयोगी आहेत, पण त्यांच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. बसण्याऐवजी उभे राहिल्याने मिनिटाला सरासरी ०.१५ किलोकॅलरीच जास्त खर्च होतात. सहा तास उभे राहिले तरी ५४, म्हणजे एका पोळीइतक्याही नाहीत. ब्रिटनमधील ८३ हजार लोकांच्या मनगटावरील यंत्रांची माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसते उभे राहण्याने हृदयविकार कमी झाला नाही, आणि दोन तासांपलीकडच्या उभे राहण्याने पायांच्या शिरा फुगण्यासारख्या तक्रारी वाढल्या. शरीराला हवा असतो तो बदल.

उभे राहण्याची सक्ती असलेल्यांना हे कोणी सांगायला नको. केरळमध्ये कापडाच्या मोठ्या दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांना दहा-दहा तास टेकायलाही परवानगी नसे. गिऱ्हाईक नसताना बसले तरी पगार कापला जाई. कोळिकोडच्या पी. विजी यांनी या स्त्रियांना संघटित केले, वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बदल करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. कमी बसा, असा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने हा लढा लक्षात ठेवावा. एकाच इमारतीत तळमजल्यावरच्या विक्रेतीला खुर्ची हवी असते आणि चौथ्या मजल्यावरच्या संगणक अभियंत्याला खुर्चीतून उठायची मुभा. दोघांचेही शरीर त्यांच्या मालकाने ठरवलेल्या नियमांनी बांधलेले आहे.

म्हणून हा प्रश्न केवळ मनोनिग्रहाचा नाही. इंग्लंडमध्ये लेस्टर येथील सरकारी रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कर्मचाऱ्यांना उंची बदलता येणारी टेबले दिली, बसण्याचे तोटे समजावून सांगितले, स्वतःची बैठक मोजायचे साधन दिले आणि अधूनमधून कोणीतरी येऊन विचारपूस केली. वर्षभरानंतर त्यांचा रोजचा बसण्याचा वेळ इतरांच्या तुलनेत ८३ मिनिटांनी कमी झाला होता. साधने, माहिती आणि पाठपुरावा तिन्ही एकत्र आले तेव्हा हे घडले.

असे टेबल प्रत्येक कचेरीला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी छोटा पेला ठेवला तर उठावेच लागते. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला संदेश पाठवण्यापेक्षा जाऊन भेटता येते. फोन आला की उभे राहायचे, एवढी एकच सवय लागली तरी बैठकीचे तुकडे पडतात. दोघा-तिघांची चर्चा व्हरांड्यात फेऱ्या मारत होऊ शकते. साहेब स्वतः बैठकीत मध्येच उठून उभे राहिले तर बाकीच्यांचा संकोच जातो, म्हणून सुरुवात वरून व्हावी. हिंजवडीला किंवा ऐरोलीला जाणाऱ्या माणसाचे दोन-तीन तास प्रवासात बसूनच जातात. त्याने कामाच्या जागी पोचल्यावर पुन्हा सलग तीन तास खुर्ची धरणे हे विशेष घातक. रिक्षाचालक, एसटीचे चालक, शिलाईकाम करणाऱ्या स्त्रिया यांना दर अर्ध्या तासाला उठता येणार नाही. पण प्रवासी मिळेपर्यंतच्या थांब्यावर, आगारात, धागा बदलताना उठून दोन मिनिटे चालणे आणि बसल्याजागी टाचा वरखाली करणे त्यांनाही जमते. घरी जाहिराती लागल्या की उठावे, मुलांना गृहपाठ कधी जमिनीवर, कधी उभ्याने करू द्यावा. जगातली ११ ते १७ वयोगटातली दर पाचातली चार मुले पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि त्यांच्या दिवसाचा मोठा भाग शाळेच्या बाकावर जातो. दोन तासिकांच्या मध्ये मुलांना दोन मिनिटे उभे करणाऱ्या शिक्षकाला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

आणि एक काम असे आहे, जे कोणा एकट्याला जमणार नाही. शहरांतल्या गृहनिर्माण संस्थांचे जिने पाहावेत. चपलांची कपाटे, मोडक्या सायकली, जुन्या कुंड्या, बंद पडलेले दिवे. असा जिना चढावासा कोणाला वाटेल? आग लागली तर तीच एक वाट आहे, म्हणून तो मोकळा ठेवणे आवश्यकच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तो रोज वापरावा, यासाठी अडगळ हलवणे, दिवे लावणे, कठडा दुरुस्त करणे एवढे पुरते आणि खर्च नाममात्र येतो. वाचकांनी आपल्या संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालावा आणि तो मंजूर होईपर्यंत लावून धरावा.